बऱ्हाणपूर बरं की जळगाव? सीमेवरच्यांनी सांगा

यावलचा_पोऱ्या
आतेबहिणीची सोयरिक बऱ्हाणपूरकडे जुळतेय. बैठकीत तिकडचे पाहुणे म्हणाले, "महाराष्ट्रात पुढारी मोठे, शेतकरी मात्र आमच्या एमपीत सुखी." आमचे तात्या लगेच, "तुमच्याकडे ना रस्ते ना लाइट!" चहा आणून विषय बदलावा लागला. खरं काय?

केळीवाला_रावेर
तात्यांची माहिती 2003 सालची आहे भो. बिजली-सडक-पानीवरून दिग्विजयसिंगांचं सरकार गेलं तेव्हाची.

माझं मत विचाराल तर केळीच्या बागेत आपण पुढे, बाजारात ते. टिश्यूकल्चर, ठिबक आपल्याकडे चांगलंच रुजलं, 2016 ला जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. फळपीक विमा आहे, त्याची किंमत मे महिन्याच्या वादळात बाग आडवी झाली की कळते. पण कापणीच्या दिवशी आमच्या गावात पहिला प्रश्न कोणता? "बऱ्हाणपूरला भाव काय निघाला?" तिथल्या मंडीत केळीची बोली लागते. इथे व्यापारी बांधावर येतो, नवती (नवी लागवड) बघतो, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवरची बाग) बघतो, तिकडच्या भावातून काहीतरी कमी करतो आणि म्हणतो, "परवडत असेल तर कापू." घड तयार झालेला, थांबणार कसे? केळी काय तूर आहे कोठीत भरून ठेवायला!

राजकारणाचं म्हणाल तर आपल्याकडे साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ करत माणूस वर चढतो. तिकडे सहकाराचं जाळं एवढं दाट नाही, वजन पक्षाला आणि कलेक्टरला. तरी 2022 ला त्यांच्याकडे पंचायतीच्या निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षी आपल्या जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. त्यांची लाडली बहना 2023 ची, आपली लाडकी बहीण 2024 ची. कोणी कुणाचं बघून केलं ते उघड आहे.

फैजपूरची_लेक
दादा, माझं सासर बऱ्हाणपुरात. पक्षाचं वजन म्हणता, पण 2018 ला इथे मंत्री असलेल्या अर्चना चिटणीस यांना अपक्ष सुरेंद्रसिंह यांनी पाडलं होतं. शहरात पॉवरलूम आहेत, त्यामुळे शेती नसणाऱ्याच्याही हाताला काम मिळतं, मजुरी बेताची असली तरी. घरात मराठी, दुकानात हिंदी, सुनेला अवघड जात नाही. आणि मोगलांच्या खान्देश सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूरच होती. पोरगी परक्या मुलखात नाही, जुन्या राजधानीत चाललीय म्हणावं!

चोपडा_कापूस
केळीच्या नादात कापूस विसरलात. 1972 ला एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, मग सीमेपलीकडे भाव चढला की इथला कापूस रातोरात तिकडे जायचा. आमचे आबा हे सांगताना अजून हसतात. आता एकाधिकार गेला, व्यापारी गावात येऊन घेतो ती खेडा खरेदी राहिली. काटा व्यापाऱ्याचा, भावही त्याचाच.

यावलचा_पोऱ्या
ताई, राजधानीचं तात्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "राजधानी असू दे, पोराच्या स्वतःच्या नावावर बाग किती ते विचार आधी."