मदत हवी आहे: वॉव क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये रोग (Rogue, लपूनछपून वार करणारं पात्र) करायचा आहे. रेस, शस्त्र आणि टॅलेंट कसे ठरवू?

चोरपावलं
नमस्कार मंडळी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक, लेव्हल ६० वाली मूळ आवृत्ती, अलायन्स बाजू (गेममधल्या दोन पक्षांपैकी एक). ड्युअल स्पेक नाही, त्यामुळे एका वेळी एकच टॅलेंट रचना (स्पेक), म्हणजे लेव्हलबरोबर मिळणारे पॉइंट कशात टाकायचे ती निवड. लेव्हलिंग बहुतेक एकट्याने होईल, ६० ला गिल्डबरोबर (खेळाडूंच्या गटाबरोबर) डंजन आणि पुढे रेड, म्हणजे मोठ्या गटाने करायच्या बॉसच्या लढाया. पीव्हीपी (खेळाडूंशीच लढाई) अधूनमधून.

तीन गोष्टींवर अडलंय. रोग घेऊ की फेरल ड्रुइड (प्राण्याचं रूप घेऊन लढणारा)? एनर्जी (वार करायला खर्च होते ती), कॉम्बो पॉइंट (वारांनी साठतात ते), स्टेल्थ (अदृश्य होणं) दोघांकडेही आहे. दुसरं, जिथे वाचावं तिथे रोगसाठी ह्यूमनच घ्या असं लिहिलंय, पण मला नोम (बुटकी रेस) आवडतो. डॅमेजमध्ये खरंच किती फरक पडतो? आणि तिसरं, बॅकस्टॅबचे (पाठीमागून करायच्या वाराचे) आकडे मोठे दिसतात म्हणून सुरुवातीपासून डॅगर घेण्याचा विचार आहे. चालेल का?

तिरपी_चाल
ड्रुइडचा प्रश्न आधी निकालात काढू. गिल्डला टँक (मार अंगावर घेणारा) किंवा हीलर (इतरांना बरं करणारा) कमी पडला की ड्रुइडलाच गळ घातली जाते. ते आवडणार असेल तर खुशाल घ्या. फक्त डॅमेजच करायचं असेल तर रोग. ड्रुइडच्या कॅट फॉर्ममध्ये (मांजराच्या रूपात) हातातल्या शस्त्राचा स्वतःचा डॅमेज धरलाच जात नाही, पॉयझन नाहीत, कुलपं उघडणं नाही. रोगचं सगळं गणित शस्त्रावर चालतं.

म्हणूनच "कोणता स्पेक" हा प्रश्न मी उलटा विचारेन: हातात कोणतं शस्त्र आहे? चांगली तलवार मिळाली तर कॉम्बॅट तलवार, चांगला डॅगर मिळाला तर कॉम्बॅट डॅगर (कॉम्बॅट हा रोगच्या टॅलेंटचा एक गट). टॅलेंट सोनं देऊन बदलता येतात: पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग १०, आणि तसंच वाढत जास्तीत जास्त ५०. शस्त्र मात्र पाहिजे तेव्हा मिळत नाही.

लेव्हलिंगला डॅगर नको. बॅकस्टॅबला मेन हँडमध्ये (मुख्य हातात) डॅगर लागतो आणि तुम्ही मॉबच्या (गेम चालवतो त्या शत्रूच्या) पाठीमागे असावं लागतं. एकटे खेळताना मॉब तुमच्याच तोंडासमोर असतो. मग लोक गाउज (शत्रूला थोडा वेळ सुन्न करणारा वार) मारून मागे जातात. गाउजला ४५ एनर्जी, बॅकस्टॅबला ६०, एकूण १०५. तुमच्याकडे कमाल १००, आणि दर २ सेकंदांनी २० परत येते. त्यामुळे गाउजनंतर किमान एक टिक (एनर्जी परत येण्याची एक वेळ) थांबावं लागतं, आणि गाउजचे ४ सेकंद तर पळत असतात. त्यात मॉबवर आधीच रप्चर, गॅरोट किंवा डेडली पॉयझन (ही तिन्ही थोड्या-थोड्या वेळाने डॅमेज करतात) चालू असेल तर त्याचा पुढचा टिक पडताक्षणी गाउज तुटतो आणि मॉब पुन्हा तोंडासमोर. सिनिस्टर स्ट्राइकला (रोगच्या नेहमीच्या वाराला) यातलं काहीच लागत नाही. समोरून मारा, ४५ एनर्जी, दोन टॅलेंट पॉइंट टाकले की ४०.

मोजपट्टी
वरच्या उत्तराशी सहमत. त्यात एक भर, कारण नवीन रोग इथे हमखास फसतात: मेन हँडमध्ये संथ तलवार हवी. सिनिस्टर स्ट्राइक शस्त्राच्या एका फटक्याचा डॅमेज धरतो, डीपीएस (दर सेकंदाचा डॅमेज) नाही. समान ४० डीपीएसच्या दोन तलवारी घ्या. २.८ वेगाच्या (म्हणजे दर २.८ सेकंदांनी एक फटका) तलवारीचा सरासरी फटका ११२, १.८ वालीचा ७२. म्हणजे प्रत्येक सिनिस्टर स्ट्राइकमागे ४० चा फरक, तोही अटॅक पॉवर (पात्राची स्वतःची मारक ताकद) धरण्याआधी. (अटॅक पॉवरचा हिस्सा दोन्ही तलवारींना सारखाच मिळतो, तो वेगावर ठरत नाही.) डेडमाइन्समध्ये व्हॅनक्लीफकडून पडणारी क्रुएल बार्ब याच कारणाने चांगली, तिचा वेग २.८ आहे. पुढे स्कार्लेट मॉनेस्टरीच्या अलायन्स क्वेस्टची स्वोर्ड ऑफ सेरेनिटी, मग माराडॉनच्या क्वेस्टची थ्रॅश ब्लेड. तिन्ही वेळच्या वेळी घेतल्या तर मेन हँडसाठी ऑक्शन हाउसमध्ये फारसं जावं लागणार नाही.

ऑफ हँडला (दुसऱ्या हाताला) उलट, वेगवान शस्त्र. तिथे डॅमेज निम्माच लागू होतो (ड्युअल वील्ड स्पेशलायझेशन ५/५ केलं की ७५%), पण प्रत्येक फटक्याला पॉयझन लागण्याची संधी मिळते.

आता ह्यूमन की नोम. ६० ला शस्त्राचं कौशल्य ३००. रेड बॉस लेव्हल ६३ चा धरला जातो, त्याचा बचाव ३१५. ऑटो अटॅकचे (आपोआप पडत राहणारे) ४०% फटके त्याच्यावर ग्लान्सिंग पडतात, म्हणजे ओझरते. कौशल्य ३०० असेल तर अशा फटक्यात सरासरी ३५% डॅमेज वाया जातो, ३०५ ला १५%, ३०८ ला ५%. मिस होण्याचं प्रमाणही ३०० वरून ३०५ वर गेलं की घटतं. ह्यूमनला तलवारीचे +५ जन्मजात मिळतात, म्हणून सगळे त्याचं नाव घेतात.

तिरपी_चाल
मोजपट्टी, आकडे बरोबर आहेत. पण यावरून नोम बाद होत नाही. कॉम्बॅटमध्ये वेपन एक्स्पर्टीज नावाचं टॅलेंट आहे, २ पॉइंटमध्ये तलवार, डॅगर आणि फिस्ट वेपनला +५ देतं. नोमने ते घेतलं की तोही ३०५ वर. ह्यूमनला तिथे एकच पॉइंट टाकून ३०८ गाठता येतं. फरक आहे, पण गिल्डने रेडला न्यायचं नाकारावं एवढा नाही. शिवाय डॅगरच्या बाबतीत ह्यूमनला जन्मजात काहीच मिळत नाही, तिथे दोघं बरोबरीत. पीव्हीपीत नोमचं एस्केप आर्टिस्ट रूट (जागी जखडणं) आणि स्लोमधून (वेग मंदावण्यातून) सोडवतं, रोगला त्याचं मोल फार. रेस टॅलेंटसारखी बदलता येत नाही, त्यामुळे जो कॅरेक्टर रोज बघायचाय तो आवडीचाच घ्या.

चोरपावलं
मग नोमच घेतो. टॅलेंट कोणत्या क्रमाने टाकू? आणि तलवार चालवायला वेगळं शिकावं लागतं का?

मोजपट्टी
हो, रोग सुरुवातीला डॅगरच जाणतो. स्टॉर्मविंडच्या वेपन मास्टरकडे १० सिल्व्हर देऊन तलवार शिका. हे लवकर उरका. नवीन शस्त्राचं कौशल्य १ पासून सुरू होतं आणि कमाल लेव्हलच्या पाचपट असते. लेव्हल ३० ला शिकलात तर १ वरून १५० पर्यंत चढवेपर्यंत निम्मे फटके हवेत जातील.

टॅलेंट सगळे कॉम्बॅटमध्ये. १० आणि ११ ला इम्प्रूव्ह्ड सिनिस्टर स्ट्राइक, मग इम्प्रूव्ह्ड गाउज ३, डिफ्लेक्शन ५, बरोबर लेव्हल २० ला रिपोस्ट. पॅरी झाल्यावर (शत्रूचा फटका शस्त्राने अडवल्यावर) अवघ्या १० एनर्जीत दीडपट फटका आणि मॉबच्या हातातलं शस्त्र ६ सेकंद गायब, एकट्या रोगला यासारखं दुसरं काही नाही. नंतर प्रिसिजन ५, ड्युअल वील्ड स्पेशलायझेशन ४, आणि लेव्हल ३० ला ब्लेड फ्लरी. ३१ ला ड्युअल वील्डचा उरलेला पॉइंट, मग तलवार स्पेशलायझेशन ५, वेपन एक्स्पर्टीज २, अ‍ॅग्रेशन १, की ४० ला अ‍ॅड्रेनलिन रश. तिथून पुढचे २० पॉइंट असॅसिनेशन या दुसऱ्या गटात: मॅलिस, रिलेंटलेस स्ट्राइक्स, लेथॅलिटी हे सोडू नका.

तिरपी_चाल
रिलेंटलेस स्ट्राइक्समुळे फिनिशरमागे (कॉम्बो पॉइंट खर्च करणाऱ्या कृतीमागे) प्रत्येक कॉम्बो पॉइंटला २०% शक्यतेने २५ एनर्जी परत येते, म्हणजे पाच पॉइंट असतील तर हमखास. स्लाइस अँड डाइस या फटक्यांचा वेग वाढवणाऱ्या फिनिशरची किंमत २५ आहे, ती पाचवर मारली की फुकट पडते. तरी बॉसवर सुरुवातीला पाचची वाट बघू नका, एक-दोन पॉइंटवरच लावा आणि मग ती उतरू देऊ नका. वरच्या रँकला ३०% वेग देते, एव्हिसरेटचा (थेट डॅमेज करणाऱ्या फिनिशरचा) आकडा डोळ्यांत भरत असला तरी लांब लढाईत पहिला मान स्लाइस अँड डाइसचाच.

ब्लेड फ्लरी डंजनमध्ये जपून वापरा. जवळच्या दुसऱ्या मॉबलाही फटका बसतो, त्यामुळे सॅप (बेशुद्ध) किंवा शीप (जादूने मेंढी) केलेला शेजारी असेल तर तो जागा होतो.

चोरपावलं
पॉयझनचं काय करायचं ते राहिलं.

मोजपट्टी
लेव्हल २० ची क्वेस्ट झाली की बनवता येतात. मेन हँडला इन्स्टंट (लगेच डॅमेज करणारं). ऑफ हँडलाही इन्स्टंटच, पण पळून जाणारे मॉब असलेल्या भागात किंवा पीव्हीपीत तिथे क्रिपलिंग (वेग मंदावणारं). डेडली ३० ला मिळतं, ते डंजन आणि बॉससाठी ठेवा. एकटे असताना गाउज आणि ब्लाइंड (शत्रूला भांबावून टाकणारी चाल) दोन्ही त्याच्या टिकने तुटतात. पॉयझन ३० मिनिटांनी किंवा चार्ज संपले की उतरतं, तेव्हा डंजनच्या दारात थांबून दोन्ही हात एकदा तपासा.