भिंतीवरची बुरशी आणि घरातले प्राणी: मांजर, लॅब्राडॉर, कॉकाटील

ओली_भिंत
नाशिकला गंगापूर रोडवर तळमजल्यावर फ्लॅट आहे. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर काळपट हिरवी बुरशी आलीय. त्याच भिंतीशी लॅब्राडॉर कुत्र्याची गादी आणि कॉकाटीलचा (तुरा असलेला छोटा पोपट) पिंजरा. कुत्रा सारखा पंजे चाटतो, कान झटकतो. मांजर मान पुढे काढून खोकते. हे बुरशीमुळे असेल का? भिंतीला फिनेल मारलं तर चालेल?

शेपूटवाला
पिंजरा आजच दुसऱ्या खोलीत न्या, बाकीचं नंतर. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू तिथे रुजतात आणि लक्षणं दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. आवाज बदलला, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होऊ लागली, की लगेच डॉक्टर. पिंजऱ्यात मक्याच्या कणसाचा भुसा घालत असाल तर तो बंद करा, ओला झाला की त्यावरच बुरशी धरते. वर्तमानपत्र घाला, रोज बदला.

मांजर दबून बसून खोकते आणि केसांचा गोळा पडत नाही, म्हणजे दम्याची शंका घ्यायची. बीजाणू, धूळ, उदबत्तीचा धूर, कशानेही तो चाळवतो. ती गाढ झोपली असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोजा. सतत ३० च्या वर असतील तर दाखवून घ्या. तोंड उघडून धापा टाकत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र सगळा दोष भिंतीला देऊ नका. पिसवा, खाण्याची अ‍ॅलर्जी, दमट कानात वाढणारं यीस्ट, हे सगळं पावसाळ्याच्या दमट दिवसांतच डोकं वर काढतं. कानातला मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की यीस्ट लगेच कळतं.

गोदाकाठ
वरच्याला जोड. एका नाकपुडीतून घट्ट स्राव किंवा रक्त, नाकाच्या शेंड्याचा रंग उडणं, ही कुत्र्याच्या नाकातल्या बुरशीची लक्षणं. पण आपल्याकडे नाकातून रक्त आलं तर गोचीड ताप आधी तपासा, प्लेटलेट मोजा. आणि अंगावर गोल टक्कल पडलं तर ते गजकर्ण असू शकतं. ते भिंतीवरून येत नाही, बहुतेकदा दुसऱ्या प्राण्याकडून येतं आणि माणसालाही होतं.

गिलावा
फिनेल अजिबात नको. मांजराच्या यकृताला फिनेलमधलं फिनॉल नीट पचवता येत नाही, आणि पंजाला लागलेलं ते चाटतंच. टाइल्सवर ब्लीच चालेल: १ लिटर पाण्यात ६० मिली, प्राणी बाहेर, खिडक्या उघड्या. त्यात टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. मांजराच्या लघवीवरही ब्लीच ओतू नका, अमोनियाशी मिळून तेही विषारी वायू देतं.

गिलाव्यावर ब्लीचचा उपयोग नाही. डाग पांढरा होतो, ओल आत तशीच राहते. आधी गळती शोधा. बाथरूमच्या फरशीतल्या जाळीचं तोंड बंद करून उंबऱ्याच्या खाली राहील एवढं पाणी २४ तास साठवा. भिंतीची ओल वाढली तर फरशीचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही वाढली, तर सगळे नळ बंद करून मीटर फिरतोय का पाहा, म्हणजे आतला पाइप कळेल. गळती थांबल्यावर डागावर साबणाचं पाणी फवारून मगच खरवडा. कोरडं खरवडलं की बीजाणू घरभर उडतात. पंखा बंद, तोंडाला एन-९५. पुट्टी आणि रंगाची घाई नको. दिवाळीनंतर नाशिकची हवा कोरडी होते, तेव्हा करा. पुराचं पाणी शिरून भिजलेली प्राण्याची गादी मात्र सरळ टाकून द्या.

ओली_भिंत
कुत्र्याच्या खाण्याची गोणीही त्याच खोलीत आहे. अर्धं डब्यात ओतलंय.

शेपूटवाला
मग मला भिंतीपेक्षा त्या गोणीची जास्त काळजी वाटते. खाण्यातल्या मका, शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करतं आणि शिजवूनही नीट जात नाही. उलट्या, सुस्ती, पिवळे डोळे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा. बुरशी आलेला पाव किंवा पोळी कचऱ्यातून खाल्ली तर काही तासांत थरथर, झटके येऊ शकतात.

कुबट वास आला, गोळे झाले, तर सगळं फेका, वरचं काढून खालचं देऊ नका. यापुढे महिनाभरात संपेल एवढीच पिशवी आणा आणि ती पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा. डब्यात मोकळं ओतलं की जुनी चरबी कडांना चिकटून खवट होते आणि बॅच नंबरही हातातून जातो. विषबाधेचा संशय आला तर तोच नंबर लागतो.