लिस्बनचा जुना मध्यभाग: गुडघेदुखी असलेल्या सासऱ्यांसोबत कोणत्या क्रमाने बघावा?

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये सासऱ्यांना घेऊन लिस्बनला जातेय. आम्ही पेडण्याचे. सासरे पंचाहत्तरीचे, गोवामुक्तीआधी प्रिमैर ग्राव (पोर्तुगीज प्राथमिक शाळेची परीक्षा) झालेले, त्यामुळे पोर्तुगीज पाट्या अजून सहज वाचतात. गोव्याचा कारभार जिथून हाकला गेला ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. अडचण एकच, गुडघे. सपाटीवर तासभर चालतात, चढ-पायऱ्या मात्र जमत नाहीत, आणि लिस्बन तर सगळं टेकड्यांवर.

सुरुवात नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिउपासून करावी असं माझ्या मनात आहे. राजवाडा आणि आशियातला सगळा व्यापार सांभाळणारी काझा दा इंदिया इथेच होती. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मागून आलेल्या लाटांत आणि आगीत दोन्ही गेली. आज दिसतो तो चौक तेव्हाचा मुख्य मंत्री पोंबाल याच्या काळात नव्याने आखलेला, मधोमध राजा जुझेचा १७७५ चा अश्वारूढ पुतळा. १ फेब्रुवारी १९०८ ला राजा कार्लुश आणि युवराजाला गोळ्या घातल्या त्याही याच चौकात. चौकाच्या कमानीवर वास्को द गामा आहे, तो सासऱ्यांना खालूनच दाखवेन.

कमानीतून रुआ आउगुश्ताने सरळ रोसियु चौकापर्यंत चालायचं. या बायशा भागातल्या इमारतींच्या भिंतींत भूकंपाचे धक्के सोसायला लाकडी सांगाडा घातलाय. नमुना बांधून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून तो तपासला, असं सांगतात. सासरे पी.डब्ल्यू.डी.तून निवृत्त झालेत, त्यांना हे बघायचंच आहे. असा सांगाडा उघडा ठेवलेली जागा कुठे आहे का?

रोसियुवर मला जास्त वेळ हवाय. उत्तरेच्या बाजूला दोना मारिया नाट्यगृह आहे ना, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० पासून जे चाललं त्याचं मूळ तिथे आहे, त्यामुळे नुसता फोटो काढून पुढे सरकणं मला पटत नाही. शेजारचं सांव दोमिंगुश चर्च १९५९ च्या आगीत आतून जळालं. खांब तसेच काळवंडलेले ठेवलेत म्हणे. आत बसायला बाकं मिळतील का?

खरा प्रश्न वरच्या भागाचा. कार्मु मठाच्या चर्चचे छप्पर नसलेले अवशेष, शियादुचा भाग, आणि पलीकडच्या टेकडीवर कॅथेड्रलसमोरचा आल्जुब हा जुना तुरुंग, हे चढ टाळून कसं करावं? २८ नंबरची ट्राम सगळे सुचवतात, पण त्यात उभं राहावं लागलं तर त्यांचे हाल होतील. आणि गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांना ठेवलं होतं तो तुरुंग म्हणजे हा आल्जुबच का? सासऱ्यांनी आवर्जून विचारायला सांगितलंय.

प्रतिसाद

ताई, रानडे आल्जुबमध्ये नव्हते, काशियशच्या किल्ल्यात होते. १९६९ साली सुटले, त्यासाठी सुधीर फडक्यांनी जिवाचं रान केलं होतं. काशियश शहराबाहेर आहे, काइश दु सोद्रेहून लोकल जाते. पण तिथे आजही तुरुंग आहे, आत सोडत नाहीत. आल्जुबमध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांचे राजकीय कैदी १९६५ पर्यंत असत, आता संग्रहालय आहे. जरूर जा.

चढाचं म्हणाल तर बायशा-शियादु मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी थेट शियादुत निघा. कार्मु तिथून जवळ. सांता जुश्ताची १९०२ ची लोखंडी लिफ्ट सुंदर आहे, पण रांगेत पाय भरून येतील. ती खालूनच बघा. आल्जुबच्या बाजूला जायला रुआ दुश फांकैरुशवरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, ती रुआ दा मादालेनावर सोडते. पुढचा थोडा चढ टॅक्सीने करा, पैसे वाचवू नका.

तुमच्या यादीत काझा दुश बिकुश नाही, ती घाला. प्रासा दु कोमेर्सिउहून सपाट रस्त्याने पूर्वेला आहे. दर्शनी भिंतीचे दगड हिऱ्यासारखे टोकदार. १५२३ मध्ये ही बांधली ब्राश द अल्बुकर्कने, म्हणजे १५१० ला गोवा जिंकणाऱ्या अफोंसोच्या मुलाने. तुमच्या सासऱ्यांना याहून जवळची इमारत त्या शहरात सापडणार नाही.

आणि बूट खरखरीत तळव्याचेच घ्या. तिथल्या फरशीचे छोटे चुनखडी दगड वापरून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की भलतेच निसरडे होतात.

मूळ धागाकर्ती

खूप आभार! काझा दुश बिकुश पहिल्याच सकाळी घेते. लाकडी सांगाड्याबद्दल कोणाला माहीत असेल तर अजून हवंय. आणि फांकैरुशच्या लिफ्टनंतर टॅक्सी नेमकी कुठे उभी असते?