सर्व्हर चालू ठेवू का बंद करू? सांगली-साताऱ्याच्या जुन्या गेमर मंडळींनो, तुमचं काय झालं ते सांगा

राम राम मंडळी. धागा काढायचं कारण असं की आमचा काउंटर स्ट्राइक १.६ (टीम करून खेळायचा बंदुकांचा गेम) चा सर्व्हर, म्हणजे ज्या भाड्याच्या मशीनवर सगळे जमून खेळतात ते, आणि त्याच्यासोबतची छोटी साइट २००८ पासून चालू आहे. दर जानेवारीत भाडं भरायची वेळ आली की मी डोळे झाकून भरतो. यंदा बायकोनं विचारलं "हे कसलं ओ?" आणि मला पटकन सांगताच येईना.

सुरुवात विश्रामबागच्या एका कॅफेत झाली, तासाला २० रुपये, रात्री दहानंतर शटर अर्धं खाली आणि आत बारा मशीनवर बारा जण, त्यात निम्मे वालचंदचे होस्टेलवाले. मग घरोघरी बीएसएनएल आलं, तो होम ५०० वाला प्लॅन आठवतोय का, रात्री २ ते सकाळी ८ सगळं फुकट, म्हणून आमची गँग जमायचीच रात्री दोनला, अलार्म लावून, आणि आईला वाटायचं पोरगं अभ्यासाला उठतंय. तेव्हा ३२ च्या ३२ जागा भरायच्या, लोक बाहेर ताटकळायचे. आता रविवारी रात्री पाच-सहा जण येतात, त्यातले दोघं परदेशात. उरलेल्या जागा बॉटनी, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो त्या खेळाडूंनी, भरतो. बॉट बिचारे वेळेवर येतात.

बाकीचे सगळे व्हॉट्सॲपवर आहेत पण तिथं गुड मॉर्निंग आणि 'एनए प्लॉट विकणे आहे'. गेल्या महिन्यात तिथंच एकानं सोडून दिलं की सरकारनं ऑनलाइन गेमिंग बॅन केलंय, आपला पण बंद कर, उगं लफडं नको. तर ते आधी क्लिअर करतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जो कायदा आला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, ई-स्पोर्ट्सला उलट त्यात मान्यता दिलीय. आमच्यात हरलेल्यानं वडापाव द्यायचा असायचा, तो कायद्यात बसतो का ते वकिलांनी सांगावं.

म्हणजे अडचण कायद्याची नाही, माझीच आहे. पासवर्ड फक्त माझ्याकडं, वय ३८, दोन पोरं, आणि पाच जणांसाठी हे करायचं का ते कळेना. तुमचा गेम, तुमची गँग बंद पडली तेव्हा काय झालं? आणि चालू राहिली असेल तर कुणी चालू ठेवली? लांबलचक लिहा, रविवार आहे.

बेदाणा, तासगाव

हसू नका, माझा गेम फार्मव्हिल. घरची अडीच एकर द्राक्षबाग आणि मी फेसबुकवर स्ट्रॉबेरी लावायचे. स्ट्रॉबेरीला चार तास लागायचे, वेळेत तोडली नाही की वाळून जायची, मग मी रात्रीची उठून तोडायचे. एकदा सासूबाईंनी बघितलं, म्हणाल्या "डाऊनीच्या फवारणीला उठत न्हाईस आणि ह्याला उठतीस व्हय गं?" (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा रोग.) काय बोलणार.

त्यात शेजारी असायचे ना, माझी विट्याची एक मैत्रीण, इचलकरंजीची नणंद आणि फिलिपिन्सची एक बाई जी कधी कशी ॲड झाली आठवत नाही, पण ती रोज न चुकता काहीतरी पाठवायची, मी पण पाठवायचे. अनेक वर्षं. एका अक्षराचं बोलणं नाही, नुसत्या गाई आणि खत. ३१ डिसेंबर २०२० ला गेम बंद झाला कारण ज्या फ्लॅशवर तो चालायचा तोच त्या दिवशी संपला. मी मग तिला मेसेंजरवर 'हाउ आर यू' पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, गाईचा इमोजी.

पाच जण येतात म्हणता ना, मग ठेवा चालू. आमच्याकडं हळदीकुंकवाला पण आता तेवढ्याच येतात.

भडंग

डस्ट टू ला (१.६ मधला मॅप, म्हणजे लढायची जागा) बी साइटवर दाराआड बसून मारणारा तो मीच होतो. सॉरी. भाड्यात माझे ५०० धरा.

पोवईनाका

दादा लोक, मी २००३ चा, तुमचं १.६ मी फक्त ऐकलंय. आमचं पब्जी. लॉकडाऊनमध्ये आमचा क्लॅन, म्हणजे गेममधली टोळी, २३ जणांचा होता, सातारा, कऱ्हाड, कोरेगाव, फलटण, आणि एक आपशिंग्याचा फौजी भाऊ जो पोस्टिंगवरून खेळायचा. तो पहिला गेला, २०२० च्या जुलैत आर्मीनं फोनवरून ८९ ॲप काढायला लावले त्यात पब्जी होतं, यानं मेसेज टाकला "पोरांनो ऑर्डर हाय" आणि विषय संपला. मग २ सप्टेंबरला सगळ्यांसाठीच बॅन आला, ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होतं त्यांचं ३० ऑक्टोबरपर्यंत चाललं आणि मग तेही गेलं. शेवटच्या रात्री आम्ही मॅच खेळलोच नाही, लॉबीत नुसते उभे राहून नाचत होतो, चार-चार जण करून, हसायचं का रडायचं कळेना.

२०२१ च्या जुलैत बीजीएमआय, म्हणजे पब्जीचंच भारतासाठीचं रूप, आलं, जुना डेटा पण आणता आला, स्किन (गेममधले कपडे, बंदुकांचे रंग) सगळ्या परत मिळाल्या पण माणसं परत मिळाली ११. २०२२ च्या जुलैत तेही स्टोअरवरून गायब, २०२३ च्या मे मध्ये परत. तेव्हा उरलो चौघं. दर वेळी गेम जसाच्या तसा परत यायचा पण मधल्या आठ-दहा महिन्यांत एकाचं एमपीएससी सुरू झालेलं, एकाचं लग्न, एक नुसताच कंटाळलेला. तुमचं भारी आहे राव, सर्व्हर तुमचा स्वतःचा. आमचं दार उघडायचं का नाही ते दिल्लीत ठरायचं.

फौजी भाऊ सुट्टीवर आला की अजून भेटतो, मिसळ खातो, गेम कुणीच काढत नाही. पण त्याला गेममधल्या नावानंच हाक मारतो, आता त्याची आई पण तसंच म्हणते.

आयर्विनपूल

२०१९ चा महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी, आम्ही गावभागात, खालचा मजला गेलाच होता. आमची गँग एज ऑफ एम्पायर्सवाली, खेळणं कधीच थंडावलं होतं, व्हॉइस चॅटची खोली तेवढी तशीच पडून होती. पुण्यातल्या एकानं ती उघडली आणि म्हणाला जे अडकलेत त्यांनी इथं या, फोन लागत नाहीत, नेट मधूनच येतंय. तीन दिवस ती खोली चालू होती. गेम खेळून पत्ता नीट सांगायची सवय लागते बघा, "टिळक चौकाच्या अलीकडं, उजवीकडची दुसरी बिल्डिंग, गच्चीवर चौघं, त्यात एक आजी", असं थोडक्यात, पुण्याचा पोरगा ते लिहून बोटवाल्यांपर्यंत पोचवायचा. किती जणांना उपयोग झाला ते मोजलं नाही, आमच्या आजीला झाला.

पाणी उतरल्यावर कळलं की ज्या हार्डडिस्कवर २००६ पासूनचे सगळे रेकॉर्ड केलेले गेम आणि कॅफेतले फोटो होते ती गाळात. तांदळात ठेवून बघितली. तांदूळ वाया गेला.

तंबोरा, मिरज

हे लिहू का नको असं झालं होतं. आमचा पण १.६ चाच सर्व्हर होता, मिरजेचा, तुमच्याशी दोनदा मॅच झाल्यात (दोन्ही आम्ही जिंकल्या, रेकॉर्डसाठी). चालवायचा एकटा एक जण, आमच्यात थोरला, औषधांच्या दुकानात कामाला. पैसे मागितले नाहीत कधी, कार्डावरून त्याचे कटायचे. शिव्या दिल्या की एकदा वॉर्निंग, मग किक, आणि रात्री फोन करून "जेवलास का" विचारणार.

२०२१ च्या मे मध्ये कोविडनं तो गेला.

सर्व्हर मात्र चालू होता, वर्षाचे पैसे भरलेले होते ना. आम्ही जॉइन व्हायचो, यादीत वर ॲडमिनच्या जागी त्याचं नाव, वेलकमचा मेसेज त्यानं लिहिलेला, "चप्पल बाहेर काढून या". मॅप बदलायचा तर कुणाकडं पासवर्ड नाही, त्यामुळं चार महिने तोच मॅप. घरच्यांना विचारायचा धीर झाला नाही, आणि विचारून त्यांना काय कळणार होतं, त्यांना तो कॉम्प्युटरवर बसायचा एवढंच माहीत. ज्यांच्याकडून भाड्यानं घेतलेला त्या कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की ज्याच्या नावावर अकाउंट आहे त्यांनी संपर्क करावा. सप्टेंबरमध्ये एका रात्री कनेक्ट होईना. बस्स. पुढं साइटचं नाव पण कुणीतरी उचललं, आता तिथं जुगाराची जाहिरात लागते.

धागाकर्ते, तुम्ही वर लिहिलंय पासवर्ड फक्त तुमच्याकडं. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

चालबदल

माझं वय ६७, माझा गेम बुद्धिबळ, चालेल ना? सांगली म्हटलं की बुद्धिबळ आलंच, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत आमची पिढी वाढली. आम्ही ऑनलाइन यायच्या आधीपासून ऑनलाइन होतो बरं का, पोस्टकार्डावर. १५ पैशाचं कार्ड, त्यावर एक चाल, खुशाली दोन ओळी. माझा नागपूरचा एक गडी होता, त्याच्याशी एक डाव चौदा महिने चालला, आणि बाविसाव्या चालीला त्यानं लिहिलं मुलगी झाली. कधी भेट नाही.

पुढं मुलानं याहूवर बसवून दिलं, संध्याकाळी एका ठरावीक खोलीत आठ-दहा निवृत्त लोक जमायचे, सगळे मराठी, एक तर इस्लामपूरचाच निघाला. २०१४ ला ते बंद झालं. कुणाचा फोन नंबर कुणाकडं नाही, कारण रोज तिथंच भेटायचो, नंबर कशाला लागतो? आता लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर असतो, जाहिराती नाहीत, वर्गणीवर चालतं, प्रोग्राम सगळ्यांना खुला. त्या याहूवाल्यांपैकी कुणी दिसतंय का म्हणून पहिलं वर्षभर नावं चाळत होतो. इस्लामपूरवाले, वाचत असाल तर तुमचा हत्ती अजून अडकलेलाच आहे.

नाव नको

मुलगी आहे म्हणून सांगते, सात वर्षं मुलाच्या नावानं खेळले. माइक कधी ऑन केला नाही. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या कॅफेत गेले होते एकदा, सगळे माझ्याकडंच बघायला लागले म्हणून प्रिंटआउट काढायला आल्याचं नाटक करून परत आले, दोन रुपयांची कोरी प्रिंट घेऊन. एकदा चुकून माइक चालू राहिला आणि मागून आईची हाक, माझं नाव घेऊन. पाच सेकंद कुणी काहीच बोललं नाही, मग एक जण सुरू झाला नको ते. ॲडमिननं त्याला तिथल्या तिथं बॅन केलं, तो त्याचा सख्खा मावसभाऊ होता हे मला नंतर कळलं. आज डिस्कॉर्डवर (गेमवाल्यांचं गप्पांचं ॲप) हजारो लोकांच्या ठिकाणी मी परत गप्पच असते. गेम कुठला यापेक्षा ॲडमिन कोण हे मी आधी बघते.

अजिंक्यतारा (हल्ली बेंगळुरू)

वर तंबोरा यांनी लिहिलंय त्याच्यावर टेक्निकल बोलायला कसंतरी वाटतंय, पण बोलतो. १.६ बावीस वर्षं टिकला त्याचं मोठं कारण म्हणजे त्याचा सर्व्हर कुणालाही आपल्या मशीनवर चढवता येतो. जे गेम कंपनीच्या एकाच ठिकाणाहून चालतात ते कंपनीनं बटण दाबलं की मेले. २०१४ च्या मे अखेरीला गेमस्पाय बंद झालं, ती सर्व्हरची यादी दाखवणारी सेवा होती, म्हणजे नाक्यावरची पाटी म्हणा, तर पाटी काढली आणि बॅटलफील्ड २ सारख्या गेमवाल्यांना गावच सापडेना, शेवटी लोकांनी स्वतःच्या पाट्या लावल्या. द क्रू तर ३१ मार्च २०२४ ला बंद केला, पैसे देऊन घेतलेला गेम, एकट्यानं पण खेळता येईना. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' म्हणून मोहीम झाली आणि दहा लाखांच्या वर सह्या झाल्या.

साइटचं मात्र वेगळं दुखणं. जुन्या साइटच्या कॉपी जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर आहे सगळं असं समजू नका, लॉगिनच्या आतलं ते उचलत नाहीत. आणि फोटो तपासा. आमच्या सगळ्या मॅपच्या गाइडचे फोटो फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटवर होते, २०१७ ला त्यांनी बाहेर दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागितले, एका रात्रीत दहा वर्षांच्या लिखाणात नुसते राखाडी चौकोन. लिखाण वाचलं तर "इथं बघा कसं उडी मारायची" आणि खाली चौकोन.

तर डेटाबेसची कॉपी काढा, दोघांकडं ठेवा, दोघं वेगवेगळ्या गावात पाहिजेत (आयर्विनपूल यांना विचारा का ते). डोमेनचं रिमाइंडर तिघांच्या मेलवर जाऊ द्या. लोक परत येतील का ते माझ्या हातात नाही.

धागाकर्ता

सगळं वाचलं, काही काही दोनदा. तंबोरा, त्या दोन मॅचमध्ये एक आम्ही जिंकलेली, पण राहू दे, तुमच्या नावावर.

दोन वर्षांचं भाडं आज भरलं. डेटाबेसची एक कॉपी अजिंक्यतारांकडं बेंगळुरूला जातेय, दुसरी पोवईनाका ठेवतो म्हणाला, त्याला ॲडमिन पण केलाय, बघू पोरगं १.६ ला टिकतंय का. 'नाव नको' यांना पण ॲडमिनचं विचारलंय, विचार करून सांगते म्हणाल्या. वेलकमच्या मेसेजमध्ये 'चप्पल बाहेर काढून या' घालू का, तंबोरा? तुम्ही हो म्हणालात तरच.

आणि सगळे पासवर्ड कागदावर लिहून बहिणीकडं दिले, ती इथंच गणपती पेठेत असते. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "हा शून्य आहे का ओ आहे रे दादा?" तर दहा मिनिटं मलाच आठवेना. लॉगिन करून बघितलं, ओ होता. नशीब आत्ताच विचारलं.

रविवारी रात्री १०, डस्ट टू. भडंग, दाराआड बसायचं नाही.

भडंग

बसणार.