गवयानं बाद केलेला टेक (रेकॉर्डिंगचा एक प्रयत्न) कंपनीनं विकावा का?

रामबागकर, इंदूर:
व्हॅन मॉरिसन या आयरिश गायकाचं जुनं प्रकरण वाचून संताप आला. मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कला दोन दिवसांत त्यानं आठ गाणी रेकॉर्ड केली, सुटी सुटी काढायची म्हणून. बँग रेकॉर्ड्स या त्याच्या कंपनीनं त्याला न विचारताच त्यांचा अल्बम केला. तो कंपनी सोडून गेला, तरी १९७३ मध्ये उरलंसुरलंही बाजारात आणलं. करारातून सुटायला त्यानं मुद्दाम कसेही गाऊन दिलेले तुकडेसुद्धा पुढे विकले गेले! टेप कंपनीची असेल. पण कुठलं गाणं लोकांपुढे जावं, हे गाणाऱ्यानंच ठरवायचं.

सराफ्यातला श्रोता:
अजिबात पटत नाही. आपले इंदूर घराण्याचे ख्यालगायक आमीर खाँसाहेब १९७४ मध्ये अपघातात गेले. हयातीत एलपी (लाँग-प्ले तबकड्या) किती आल्या? मारवा-दरबारी, ललित-मेघ या रागांच्या, म्हणजे बोटांवर मोजण्याइतक्या. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. झुमरा तालातली त्यांची संथ बढत (रागाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार) तेवढ्यात मावते होय? खरे खाँसाहेब आपल्याला भेटले ते मागाहून बाहेर आलेल्या मैफलींच्या टेपांत. संमतीपत्रं शोधत बसलो असतो तर आपल्याच गावचं घराणं आपण नुसतं वाचलं असतं.

रामबागकर:
दादा, मैफल वेगळी. तिथे समोर बसलेल्यांना त्यांनी ते गाणं दिलेलंच होतं. स्टुडिओत गवई हात वर करून ‘पुन्हा घेऊ’ म्हणतो, तेव्हा ते त्यानं कुणालाच दिलेलं नसतं.

जवारी:
सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींचं काय मग? त्यांनी जाहीर वादन सोडलं, तरी सूरबहारवरचा (सतारीसारखं मोठं वाद्य) कौशिकी रागाचा आलाप घरोघरी पोचलाच. मी सतार शिकते; तो आलाप मला हवाच आहे. पण त्यावर कुणी गल्ला भरावा, हे मात्र मला सहन होत नाही. संग्रहात ठेवा, शिकणाऱ्यांना ऐकू द्या.

सराफ्यातला श्रोता:
ताई, संग्रह म्हणजे कुलूप. टेपला बुरशी धरते. ती साफ करून डिजिटल करायला पैसा लागतो, आणि तो विक्रीतूनच येतो.

रामबागकर:
मग विचारून विका. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलाकाराला आपल्या गाण्या-वादनाच्या मोडतोडीविरुद्ध दाद मागता येते, पण बाद टेकचा तिथे स्पष्ट उल्लेख नाही. आपल्याकडची मुलं आज कंपन्यांचे करार न वाचता सह्या करतात. त्यात एक ओळ घालून घ्या: बाद टेक लेखी संमतीशिवाय निघणार नाही, मृत्यूनंतरही नाही.

सराफ्यातला श्रोता:
‘मृत्यूनंतरही’ला माझा विरोध कायम.