रोमन फौजेतली लग्नबंदी: शिस्त कसली, हिशेब होता तो!

कोरडा_पाऊस
काल इथे डकवलेला लेख वाचून डोकं फिरलं. सार एवढंच: रोमन शिपायाला आजारपणात पगार, रजा, दवाखाना सगळं मिळायचं, बदल्यात पंचवीस वर्षं लग्न नाही, आणि त्या ब्रह्मचर्यावर साम्राज्य उभं राहिलं. शेवटी चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या आपल्या अग्निवीर पोरांना टोमणा, ‘तुमच्याने चार वर्षं निघत नाहीत.’

ब्रह्मचर्य कसलं डोंबलाचं! पहिला सम्राट ऑगस्टस, त्याच्यापासून शिपायाचं लग्न कायद्याने धरलं जात नव्हतं, हे खरं. पण ठाण्याबाहेर वस्ती असायची, तिथे बाई होती, पोरं होती, आणि साहेबालाही ते माहीत होतं. नव्हता तो कागद. इजिप्तमधला इ.स. ११७ चा एक निवाडा पपायरसवर टिकलाय. लुकिया माक्रिना नावाची बाई मेलेल्या शिपायाच्या मालमत्तेतून आपली ‘ठेव’ परत मागते. इजिप्तचा रोमन सुभेदार लुपस म्हणतो, या ठेवी म्हणजे हुंडाच असतो हे आम्हाला ठाऊक आहे. शिपायाला लग्नाची मुभा नाही, सबब या दाव्याला मी न्यायाधीश नेमून देत नाही. संपला विषय. दोन वर्षांनी सम्राट हेड्रियनला दया आली, मुलांना बापाच्या मालमत्तेवर दावा सांगता येऊ लागला. औरस मात्र ती तेव्हाही ठरली नाहीत. शिपायांना बायकोसोबत राहायची परवानगी मिळाली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या वेळी, इ.स. १९७ च्या सुमारास. म्हणजे दोनशे वर्षं सरकारने बायका-पोरांची जबाबदारी अंगाला लावून घेतली नाही. याला शिस्त म्हणतात?

आणि रजा? ती सेंच्युरियनच्या, म्हणजे तुकडीवरच्या साहेबाच्या हातात, पैसे मोजून.

दगडोबा
असहमत. आजच्या चष्म्यातून बघितलं की सगळंच अन्याय दिसतं.

ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा हे रोमन ठाणं आहे. तिथे लाकडी पापुद्र्यावर शाईने लिहिलेला पलटणीचा हजेरी-तक्ता सापडला, इ.स. ९० च्या दशकातला. एकूण ७५२ माणसं, ४५६ बाहेरगावी. ठाण्यात उरलेल्यांत ३१ कामाला नालायक: १५ आजारी, ६ जखमी, १० डोळे आलेले. डोळे आलेल्यांची वेगळी नोंद, पहिल्या शतकात! यादीत नाव म्हणजे पगार चालू. त्याच काळी शेतात राबणाऱ्याचे डोळे आले तर कुणी विचारत होतं? तिथेच रजेचे अर्जही निघालेत, ‘साहेब, मला रजेस पात्र समजावे’ छापाचे. पद्धत होती म्हणून अर्ज होते.

आणि लग्नाचं म्हणाल तर महाराजांच्या लष्करातही बायको, बटीक, कलावंतीण न्यायला बंदी होती, मोडली तर गर्दन. सभासदाने बखरीत लिहून ठेवलंय. तोही हिशेबच का?

खवट_काकडी
आला, महाराजांना मध्ये आणणारा आलाच. पाचव्या प्रतिसादापर्यंत तरी थांबायचं.

दगडोबा, सभासद पुरता वाचा. ‘लष्करात बायको नेऊ नका’ आणि ‘बायको करूच नका’ यातला फरक शाळकरी पोराला कळतो. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यायचं, दसऱ्याला निघायचं, आठ महिने मुलूखगिरी. आणि जखम झाली तर जखम पाहून पैसे, मेला तर घरच्यांची सोय. रोमन बाईला काय मिळालं? लुपसचं भाषण.

दगडोबा
तो सगळा मजकूर १६९४ च्या सुमाराचा, जिंजीला बसून आठवणीने लिहिलेला. तुमच्या सोयीचा असला की पुरावा, माझ्या सोयीचा असला की ‘पुरता वाचा’. चालू द्या.

फौजीची_लेक
रोमन राहू दे बाजूला. हवाई दलातल्या अग्निवीराकडून लिहून घेतात की चार वर्षं लग्न करणार नाही. वर्षाला ३० दिवस रजा. नेहमीच्या जवानाला वार्षिकच ६० असते. चार वर्षांनी सेवानिधीचे साधारण ११.७१ लाख हातात, पेन्शन नाही. यावर बोला कुणीतरी.

आणि ‘कागद’ काय असतो ते मी सांगते. आमचे अण्णा वीस वर्षं नोकरी करून आले. लग्न सुट्टीत झालेलं. परत गेल्यावर पार्ट टू ऑर्डर (नोकरीच्या नोंदीत बायकोचं नाव चढवणारा हुकूम) निघाली, पण आईचं माहेरचं नाव तसंच राहिलं. बँकेत, रेशनकार्डावर सासरचं. अण्णा गेले तेव्हा खिडकीतला माणूस आईला म्हणाला, ‘या नावाची बायको आमच्याकडे नाही.’ समोर ती उभी, हातात लग्नाचा फोटो. चौदा महिने. दोन प्रतिज्ञापत्रं, सरपंचाचा दाखला, आणि दर खेपेला साताऱ्याला एसटीने अख्खा दिवस. ती लुकिया का कोण, तिचं वाचून मला आईच दिसली.

जुना_हवालदार
ताई, वाईट झालं, पण नियमाला दोष देऊ नका. पार्ट टू ऑर्डर नीट करून घेणं जवानाचं काम. आणि अग्निवीर भरती व्हायच्या आधीच अटी वाचतो, कुणी ओढून नेत नाही.

रजेचं मात्र कोरडा पाऊस म्हणतो त्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. आमच्या वेळी तारेशिवाय इमर्जन्सी सुट्टी मिळत नसे. ‘मदर सीरियस कम सून.’ माझी आई एका वर्षात तीनदा सीरियस झाली. साहेब म्हणाला, ‘तुम्हारी माँ बहुत मजबूत है.’ चौथ्यांदा खरंच आजारी पडली तेव्हा तार टेबलावर तशीच पडून राहिली. दहाव्याला पोचलो. आणि सुट्टीच्या यादीत नाव वर सरकवायला रमची बाटली कुणाकडे जायची, ते इथे लिहीत नाही.

खवट_काकडी
म्हणजे सेंच्युरियन जिवंत आहे तर! रोमन इतिहासकार टॅसिटसकडे हेच आहे: दिवसाला दहा आस (तांब्याची नाणी) पगार, त्यातून कपडे, हत्यारं, तंबू, आणि वर कामातून सुटका मिळावी म्हणून सेंच्युरियनला पैसे. इ.स. १४ मध्ये पॅनोनिया प्रांतातल्या पलटणी उठल्या त्या यावरूनही. पुढे ६९ साली सम्राट ओथोने ते पैसे स्वतःच्या खजिन्यातून भरायचं कबूल केलं. लाच बंद नाही केली, फक्त सरकारी केली.

जुना_हवालदार
बाटलीची तुलना बंडाशी करू नका. आम्ही बंड नाही केलं.

फौजीची_लेक
काका, ‘जवानाचं काम’ म्हणालात. अण्णा तेव्हा सियाचीनला होते. कुठल्या खिडकीत उभं राहायचं होतं त्यांनी?

दगडोबा
धागा रोमवर होता. असो. लग्नबंदीत पैसा वाचवायचा भाग होता, मानलं. ‘फक्त हिशेब’ हे मानत नाही. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यावर एका रोमन शिपायाची पगारपट्टी सापडली आहे, ५० दिनारांतून जव (सातू), जेवण, बूट, पट्टे, सदरा कापून हातात शिल्लक काही नाही. असल्या माणसाच्या गळ्यात संसार बांधणं, ही तरी कुठली दया?

कोरडा_पाऊस
वा! आधी पगार कापायचा, मग म्हणायचं पगार पुरत नाही म्हणून लग्न करू नकोस. दगडोबा, तुम्हाला लुपसच्या कचेरीत नोकरी नक्की होती.

जुना_हवालदार
ताई, सियाचीनचं माहीत नव्हतं. शब्द मागे. आईच्या कागदांवर अजून नाव चुकीचं असेल तर इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.

फौजीची_लेक
झालं ते काम. आता तिच्या जन्मतारखेचा घोळ आहे. व्यनि केलाय.