काळ्या कापडाखालचे भय
‘द फ्लाय’ (1958) या बेताच्या खर्चात केलेल्या चित्रपटात वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवणाऱ्या यंत्राच्या प्रयोगात शास्त्रज्ञाच्या धडावर माशीचे डोके येते. ते डोके आज हास्यास्पद वाटते, असे म्हटले जाते. हे मत मान्य केले तरी दिग्दर्शक कर्ट न्यूमन यांनी ते डोके बराच वेळ काळ्या कापडाखाली झाकून ठेवले, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. त्या यंत्रातून पाठवलेली बशी सुखरूप परत येते, पण तिच्या मागची ‘मेड इन जपान’ ही अक्षरे उलटी झालेली असतात. पुढच्या अनर्थाची चाहूल एवढ्या किरकोळ वस्तूतून लागते. मांजराचा प्रयोग अधिकच अस्वस्थ करतो, कारण ते परत येतच नाही, नुसते त्याचे ओरडणे ऐकू येत राहते. शास्त्रज्ञाचे डोके लागलेली माशी कोळ्याच्या जाळ्यात अडकते, तो प्रसंग मात्र माझ्या मते फसला आहे. त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी चित्रपटातील अभिनेते व्हिन्सेंट प्राइस यांनाही हसू आवरत नव्हते.